सॅलड कुणाकडे

"प्लेटा मला नकोत," रादिसाव म्हणाला. "प्लेटा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

झागोर्काने पेन्सिल थांबवली, पण कागदावरून उचलली नाही. जिन्याखालच्या फलकावर दर ऑगस्टमध्ये लागणारी यादी ती भिंतीला टेकवून लिहीत होती. वर्षातून एका शनिवारी बिल्डिंगमधले सगळे लोक मागच्या अंगणात जमत, कोळशावर मांस भाजत आणि संध्याकाळपर्यंत खात बसत. कोणी काय आणायचे ते ही यादी ठरवी. यादी झागोर्का ठरवी. शाळेच्या कचेरीतून निवृत्त होऊन तिला अकरा वर्षे झाली होती, पण कचेरी तिच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"कागदी प्लेटा आणि हात पुसायचे कागद," ती म्हणाली. "दुकानातून उचलायचे आणि आणून ठेवायचे. एकट्या पुरुषाला याहून सोपं काय देऊ? बर्फ होता, पण तो तिसऱ्या मजल्यावरच्याला दिलाय. त्याचा घटस्फोट झालाय."

"मी सॅलड आणतो."

"कुठलं सॅलड?"

"सॅलड. ते आमच्याकडंच असतं ना."

ते खरे होते. गेली तीस वर्षे या यादीत "सॅलड – देसांका" असे त्याच्या बायकोचे नाव लिहिलेले असे. त्या ओळीवर कधी चर्चा झाली नव्हती.

"रादिसाव," झागोर्का आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, पण देसांका..."

"गेली. मला माहितीय. मी तिथंच होतो."

झागोर्काने अंगठा जरा सरकवला, पण रादिसावला दिसायचे ते दिसले. सॅलडच्या ओळीपुढे पेन्सिलने बारीक "झा" काढून झाला होता. झागोर्का दरवर्षी बटाट्याचे सॅलड जादा म्हणून आणी. ते जसे येई तसे परत जाई. तीस वर्षे तिने ती ओळ दुसऱ्याच्या नावाने आपल्या हाताने लिहिली होती. तिचेही काही चुकत नव्हते.

"पस्तीस माणसं आहेत," ती म्हणाली.

"हो."

"आणि मांस भाजून होईपर्यंत तेच पुढं असतं. राकिया आणि सॅलड. ते फसलं की लोक रिकाम्या पोटी पितात, मग भांडणं होतात, मग मलाच मध्ये पडावं लागतं."

"झागोर्का, मी अडतीस वर्षं या गावाला पाणी पाजलंय. पस्तीस माणसांना टोमॅटो खाऊ घालीन."

तिने "झा" खोडरबराने पुसला, वर "रादिसाव" लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

"यंदा बघू," ती म्हणाली. "फसलं तर पुढच्या वर्षी वाद घालायचा नाही. सॅलड माझ्याकडं."

रादिसाव जिना चढून घरी आला आणि खुर्चीवर बसला. त्याला सॅलड करता येत नव्हते. करायची हौसही नव्हती. त्या ओळीत देसांकाच्या जागी दुसऱ्या बाईचे नाव बघायला नको, एवढेच त्याला हवे होते, आणि आता त्यासाठी पस्तीस माणसांचे टोमॅटो कापणे भाग होते.

शनिवारी सकाळी सहाला तो बाजारात गेला. त्याने एकाच बाईकडून घ्यायचे ठरवले, म्हणजे बोलणे कमी. तो टोमॅटो एकेक उचलून दाबून बघत होता आणि जे दबत नव्हते तेवढे पिशवीत टाकत होता. टोमॅटोवाली हाताची घडी घालून बघत होती.

"दादा, भिंत बांधायचीय का?" ती म्हणाली.

"सॅलड करायचंय."

"या टोमॅटोंचं? यांचं सॅलड दिवाळखोर हॉटेलवाले करतात. बायकोला पाठवायचं होतं ना. बाजार म्हणजे काय नटबोल्टचं दुकान आहे?"

"नोव्हेंबरात गेली ती."

टोमॅटोवालीने हाताची घडी सोडली. तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली, उलटी करून सगळे टोमॅटो परत ढिगात टाकले, मग टेबलाखालची पेटी ओढली आणि तिच्यातले आठ किलो मोजून दिले. ते वेडेवाकडे होते, फुटायला आलेले होते आणि एकमेकांशी कशातही जुळत नव्हते.

"हे घरी न्यायला ठेवले होते," ती म्हणाली. "आणि काकडी समोरच्या म्हाताऱ्याकडून घे. माझी कडू आहे, कुणाला सांगू नकोस."

घरी येऊन त्याने मोठे निळे घमेले ओट्यावर ठेवले. देसांका टोमॅटो हातातच धरून कापी. बाल्कनीत लहान स्टुलावर बसून, घमेल्यावर हात धरून, बुटक्या सुरीने, रेडिओ ऐकत. ती कधी हाताकडे बघतही नसे. रादिसावने तसे करून पाहिले. दुसऱ्या टोमॅटोला अंगठा कापला, चौथ्याला दुसरा अंगठा. मग त्याने दोन्ही अंगठ्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळली, फळी काढली आणि हत्यारांच्या पेटीतून व्हर्नियर आणला. पहिला तुकडा त्याने मोजला. पंधरा मिलिमीटर. ठीक वाटला. त्यापुढचे सगळे त्या मापाने कापले. वाकड्या टोमॅटोंनी सहकार्य केले नाही, पण त्यानेही माघार घेतली नाही. मग काकड्या, मग कांदे, मग तिखट हिरव्या मिरच्या. मिरच्या कापून झाल्यावर त्याने डोळा चोळला आणि पाऊण तास त्याला काहीच करता आले नाही.

अकराला सगळे घमेल्यात पडले. आधी मीठ लावून ठेवले की मुरते, असा विचार करून त्याने दोन मुठी मीठ टाकले, हाताने हलवले, वर फडके झाकले आणि तो दाढी करायला गेला.

दाढी करून, शर्टाला इस्त्री करून तो परत आला तेव्हा तुकडे पाण्यात पोहत होते. घमेले काठापर्यंत आले होते. रादिसाव बराच वेळ बघत उभा राहिला. अडतीस वर्षे त्याने मोरावा नदीच्या काठच्या विहिरींतून पाणी वर काढले होते, कोरड्या उन्हाळ्यात, जळलेल्या मोटरीने, कधी हाताने. आणि पाणी इथे होते. त्याने डावाने चार लिटर उपसून काढले, सवयीने किती निघाले ते मोजले आणि ओतून दिले. मग तेल घातले. राहिले व्हिनेगर.

इथे एक अडचण होती. व्हिनेगर ओट्याखालच्या कपाटात असे आणि त्या कपाटात सारख्याच दोन बाटल्या होत्या. दोन्ही मिनरल वॉटरच्या, दोन्हींची लेबले सोललेली, दोन्हींत पाण्यासारखे पारदर्शक काहीतरी. एकीत व्हिनेगर होते. दुसरीत देसांका राकिया, म्हणजे फळांची कडक दारू ठेवी, सर्दी झाली की छातीला आणि पाऊस यायचा असला की गुडघ्यांना चोळायला. एका बाटलीच्या गळ्याला तिने लाल दोरा बांधला होता.

दुसऱ्या कुणी बूच उघडून वास घेतला असता. रादिसावने क्लोरिनच्या टाक्यांशेजारी इतकी वर्षे काढली होती की त्याला आपले मोजे आणि फुले यांच्यात फरक कळत नसे. चाखून बघावे असेही त्याच्या मनात आले नाही. या स्वयंपाकघरात चाखायला पुढे आलेल्या हातावर चमचा बसत असे, आणि हाताला ते अजून आठवत होते.

त्याने दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि पंपघरातल्यासारखा विचार केला. पंपघरात ज्या वाल्वला लाल पट्टी असते त्याला हात लावायचा नाही. देसांकाला नवऱ्याने कशाला हात लावलेला नको होता? व्हिनेगरला नक्कीच नाही. म्हणजे लाल दोरा राकियाला. या पद्धतीच्या विचाराने त्याचा एकही पंप कधी बंद पडला नव्हता. त्याने दोरा नसलेली बाटली उचलली, घमेल्यात अर्धी रिकामी केली, थांबला, माणसे पस्तीस आहेत हे आठवले आणि उरलेलीही ओतली.

लाल दोऱ्याची बाटली त्याने कोटाच्या खिशात घातली. ती त्याला वेगळ्या कामाला हवी होती.

अंगणात तिहोमिर आधीपासून शेगडीपाशी उभा होता. तिहोमिर निवृत्त बसचालक. बसमध्ये जसा तो कुणाला चाकाला हात लावू देत नसे तसा इथे चिमट्याला लावू देत नसे.

"या मिस्त्री," तो म्हणाला. घमेल्यात वाकून त्याने एक तुकडा चिमट्याने उचलला आणि उन्हात धरला. "हे कापलंय की मोजलंय?"

"दोन्ही."

"आणि बोटांना काय झालं? विजेचा धक्का बसला का टोमॅटोचा?"

"तू तुझे कोळसे बघ. डावीकडचं सॉसेज जळतंय."

"जळत नाही ते, रंगतंय."

झागोर्का आली, तिने फडके उचलून पाहिले. "सगळे तुकडे एकसारखे आहेत," ती म्हणाली, आणि त्यात दोष काय ते शोधत बटाट्याचे सॅलड घमेल्याच्या अगदी शेजारी मांडून गेली. रादिसावने वरून पांढरे खारे चीज किसून पसरले. दिसायला ते सॅलड बरोबर देसांकाच्या सॅलडसारखे दिसत होते. त्याला एकदम बसावेसे वाटले, पण खुर्च्या अजून मांडायच्या होत्या.

सगळे बसल्यावर पहिला पेला वर्षभरात बिल्डिंगमधून गेलेल्या माणसासाठी घ्यायचा अशी रीत होती. यंदा एकटी देसांकाच होती. सगळे रादिसावकडे बघू लागले. तो उठला आणि त्याने खिशातून बाटली काढली.

"ही तिची आहे," तो म्हणाला. "तिनं जपून ठेवलेली. मला हात लावू द्यायची नाही. आज लावला."

एवढे बोलून त्याने पुरुषांच्या छोट्या पेल्यांमध्ये ती ओतली. झागोर्काला रक्तदाबामुळे दारूची बंदी होती. तिने इतर बायकांसारखाच सरबताचा ग्लास उचलला. प्रत्येकाने पेला तिरका करून एक थेंब जमिनीवर सांडला. "देव तिच्या आत्म्याला क्षमा करो," तिहोमिर म्हणाला. गेलेल्यांसाठी घेताना पेल्याला पेला लावत नाहीत, आणि अर्धा ठेवत नाहीत.

चौदा पुरुषांनी पेले तळापर्यंत रिकामे केले.

तिसऱ्या मजल्यावरच्याने शेजारचे झाड धरले. तिहोमिरच्या हातातला चिमटा आपोआप उघडला आणि बंद झाला. त्याचे डोळे भरून आले, आणि चाळीस वर्षांत त्याला रडताना कुणीच पाहिलेले नसल्यामुळे त्याची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, "बघ गं, केवढं लागलंय याला. माझ्या आईच्या वेळी तर दात कोरत होता."

रादिसावनेही पेला संपवला. त्याचे नाक गेले होते, घसा गेला नव्हता. पेल्यात काय होते ते त्याला त्या क्षणी कळले. घमेल्यात काय आहे ते कळायला आणखी क्षणभर लागला.

त्याने घमेल्याकडे पाहिले. लोक खात होते. पुरुष तर तोंडाची चव घालवायला घाईघाईने खात होते आणि पुन्हा वाढून घेत होते. बायकांनी आधीच सुरुवात केली होती, आणि झागोर्काची दुसरी प्लेट चालू होती. तीस वर्षांची ओळ आता एखाद्या तासाची राहिली, हे रादिसावला स्पष्ट दिसले. तो खाली बसला आणि टेप गुंडाळलेले अंगठे त्याने टेबलाखाली घेतले.

"जुनी दिसतेय," कुणीतरी घसा खाकरून म्हणाले.

"जुनी. आणि... मजबूत," दुसरा म्हणाला.

तिहोमिरने पेला पुढे केला. त्याचा आवाज बसला होता. "मिस्त्री, तिच्यासाठी आणखी एक घेऊ."

बाकीच्या बारा जणांनी तिहोमिरकडे असे पाहिले की बस चालवताना त्याच्याकडे तसे कधी कुणी पाहिले नसेल. पण एकेकाने पेला पुढे सरकवला.

"नको," रादिसाव म्हणाला.

"का नको? तिची आहे ना?"

"पुरे झालं, तिहोमिर."

"अरे, तू बाटली कवटाळून बसणार आणि आम्ही काय..."

"तिहोमिर," टेबलाच्या टोकावरून यागोदाआजी म्हणाली. ती शहाऐंशी वर्षांची होती, तळमजल्यावर राहायची आणि तिला दात नसल्यामुळे ती घमेल्यातला रस वाटीत घेऊन चमच्याने पीत होती. "एवढी तहान लागली असेल तर माझ्याकडं लोणच्याची बरणी आहे, तीही लाव तोंडाला. त्या बाटलीत व्हिनेगरच आहे."

पुढे केलेले पेले होते तिथेच थांबले.

"माहितीय मला," तिहोमिर म्हणाला.

"मग पितोस कशाला?"

"देसांकासाठी आहे ना."

ते त्याने इतक्या सरळपणे सांगितले की यागोदाआजीने चमचा पुन्हा वाटीत घातला. तिसऱ्या मजल्यावरचा झाड सोडून म्हणाला, "मलाही माहीत होतं." मग एकेक जण कबूल झाला. सगळ्यांनाच माहीत होते.

"आणि राकिया इथं आहे," यागोदाआजीने चमच्याने घमेल्यावर ठोकले. "माझी ही तिसरी वाटी. बोलले असते तर काढून घेतली असती, म्हणून गप्प बसले होते."

सगळ्यांची डोकी झागोर्काकडे वळली. झागोर्काची तिसरी प्लेट रिकामी झाली होती. तिच्या ब्लाउजचे गळ्याचे बटण उघडे होते, जे बिल्डिंगमधल्या कुणीही कधी पाहिले नव्हते.

"म्हणजे काय?" तिने सावकाश विचारले. "मला वाटलं, टोमॅटो चांगले आहेत."

आणि ती हसायला लागली. आधी तिने तोंडावर कागद धरला, मग कागद टाकून दिला. तिचे हसणे खालून, पोटातून येत होते आणि थांबत नव्हते. मग तिहोमिर हसला, मग त्याची बायको नवऱ्याला चापट मारत म्हणाली, "आणि मी मेली समजत होते, रडतोय." पुढची पाच मिनिटे शेगडीकडे कुणाचे लक्ष नव्हते आणि डावीकडची सॉसेजे खरोखरच जळली.

हसणे ओसरल्यावर रादिसाव उभा राहिला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "दोरा मी उलटा समजलो. ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी सॅलड तुमच्याकडं, झागोर्का. मी प्लेटा आणीन."

झागोर्काने चेहरा कचेरीतला करायचा प्रयत्न केला. तो अर्धाच झाला. तिने आपल्या बटाट्याच्या सॅलडकडे पाहिले. त्यात अजून कुणी चमचाही घातला नव्हता. मग तिने घमेल्याकडे पाहिले, मग त्याच्या टेप लावलेल्या अंगठ्यांकडे.

"कांदा जास्त झालाय," ती म्हणाली.

"हो का."

"पुढच्या वर्षी कांदा कमी घाला." ती ते लिहून घ्यायला कागद आणायला उठली, टेबल धरून क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा बसली. "लक्षात ठेवा तुम्हीच. मला आता जिना चढवणार नाही."

त्यानंतर तिहोमिरने आपली बाटली काढली, मांस आले, आणि देसांकासाठी पुन्हा एकदा, या वेळी नीट, घेतले गेले.

ऊन कलले तसे लोक खुर्च्या मिटून वर जाऊ लागले. यागोदाआजी खुर्चीतच झोपली होती. तिच्यावर कुणीतरी स्वेटर टाकला होता. रादिसाव घमेले धुवायला न्यायचे म्हणून उठला. तळाशी दोन बोटे रस उरला होता, त्यात मिरचीच्या बिया आणि चीजचा चुरा.

"थांब थांब," तिहोमिर म्हणाला. "ते ओततोस की काय? वेडा आहेस का?"

त्याने उरलेला पाव मोडला, अर्धा रादिसावच्या हातात दिला आणि दोघे घमेल्याच्या दोन बाजूंना बसले. तिहोमिरने पाव बुडवून खाल्ला. रादिसावने दिवसभरात सॅलडचा घास घेतला नव्हता. त्याने तुकडा बुडवला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"काय?" तिहोमिरने विचारले.

"तिच्यासारखं नाही झालं."

तिहोमिरने आणखी एक तुकडा बुडवला. त्याने विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "जवळपासही नाही."

रादिसावने मान हलवली. मग त्याने बाही वर सरकवली, घमेले जरा तिरके धरले, म्हणजे उरलेला रस तिहोमिरच्या बाजूला जमा होईल, आणि स्वतःसाठी पावाचा आणखी एक तुकडा मोडला.